खुणांची भिंत आणि अप्पा गुरुजी

अप्पा गुरुजींची आणि माझी पहिली ओळख हजेरी घेताना झाली. ते नुकतेच उदगीरकडून बदलून आमच्या खडकवाडीत आले होते. कंधारच्या एसटीतून उतरले, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात पत्र्याची पेटी, आणि थेट शाळेत. मला त्यांनी आडनाव विचारले. मी म्हणालो, "तीन टिंबं आन् आडवी रेघ." वर्गात कोणी हसले नाही, कारण आमच्या गावात घर ओळखायचे ते खुणेवरून, आडनावावरून नव्हे. आधीच्या मास्तरांनी या उत्तराला छडी दिली असती. गुरुजींनी खडू पुढे केला आणि म्हणाले, "काढून दाखव."

ज्यांनी खडकवाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. हे गाव पिढ्यान् पिढ्या काळ्या दगडावर जगले. उमरीपासून देवणीपर्यंत कितीतरी विहिरींचे चिरे, देवळांच्या पायऱ्या, घरांतली जाती आमच्या खाणीतून गेली. माणसाचा हात बसला, त्याने घडवलेला चिरा काटकोन तपासायच्या गुण्याला लावून चोख उतरला, की जाणती मंडळी त्याला खाणीतल्या एका उंच कातळभिंतीपाशी नेत. तिथे तो घरच्या खुणेत स्वतःची एक रेघ वाढवून ती कोरत असे. पुढे तो वारला, की मुलाने त्या खुणेवर तांब्याभर पाणी घालायचे आणि मगच घरात चूल पेटायची. लिहिता-वाचता न येणाऱ्या गावाचा लिहिलेला इतिहास तेवढाच होता.

गावाचा स्वभावही सांगून टाकतो, कारण गुरुजींनी तो चाळीस वर्षे सोसला आहे. सुरुंगांनी कान गेलेले, म्हणून बोलणे मोठ्याने आणि मोजके. कौतुकाची सवय नाही. जन्माचे काम उत्तम झाले तरी "बरं बसलंय" यापुढे कोणाची जीभ जात नाही. आणि चूक झाली तर ती कोणाचीच नसते. चिरा फुटला की आमच्याकडे म्हणतात, दगडच खोटा निघाला.

अशा गावात गुरुजींनी दर रविवारी त्या भिंतीपाशी आम्हा विद्यार्थ्यांना नेले. खुणेवर कागद धरायचा, वरून कोळसा फिरवायचा, उमटलेल्या आकृतीखाली नाव लिहायचे. त्यावरून गुरुजी गावाचा इतिहास लिहून काढत. नाव ठाऊक नसेल तर म्हाताऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे. मी एकदा वहीत लिहिले की कंधारच्या किल्ल्याचा दगड आमच्याच खाणीतला. गुरुजींनी विचारले, "पुरावा?"

"गुरुजी, समदे म्हणतेत."

"समदे म्हणायलेत म्हणून मी लिहू का? खोड ते."

गावाला याचा राग आला. गावाच्या मोठेपणाच्या चार ओळी लिहायला या माणसाचे काय जाते, असे पारावर बोलले गेले. गुरुजींनी ती ओळ काही लिहिली नाही.

त्यांच्या मायेबद्दल लिहायचे तर एक प्रसंग पुरे आहे. सातवीत असताना दगडाची कपची माझ्या उजव्या डोळ्यात गेली. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, दूरच्या कामावर होते. गुरुजींनी मला एसटीत घातले आणि नांदेडपर्यंत माझे डोके मांडीवर धरून बसले. दवाखान्यात तीन दिवस ते व्हरांड्यात झोपले. डोळा वाचला. त्याच डोळ्याने मी पुढे त्या भिंतीमागचा दगड पाहिला.

आता जे लिहायचे आहे ते गुरुजींच्या या गौरवग्रंथाच्या समितीला नको आहे. अध्यक्षांनी मला आधीच बजावले, "चांगलं चांगलं लिवा शेठ, मागचं कशाला उकरून काढायलाव?" मी खडी फोडायचा क्रशर घातला त्या दिवसापासून गावाचा शेठ आहे.

नांदेडला शिकून मी परत आलो आणि खडीचा धंदा धरला. खाणपट्टा मागताना नेमकी कोणती जागा मागायची, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. गुरुजींच्या हाताखाली मी भिंतीचा इंच न् इंच उतरवला होता. आमच्या पूर्वजांनी खुणा कोरायला खाणीतला सर्वांत एकजीव, बिनफटीचा दगड निवडला होता. म्हणजे चोख दगड तिच्यामागे. ज्या रविवारांनी गुरुजींनी मला इतिहास शिकवला, त्याच रविवारांची मी अशी विल्हेवाट लावली.

भिंत उडवायचा माझा बेत नव्हता, हे खरे आहे. तिच्यामागे वीस पावलांवर सुरुंग लावायचे आणि भिंत तशीच ठेवायची, असे मी ठरवले होते. एवढा भक्कम दगड, त्याला काय होते! अण्णा तेव्हा थकले होते, तरी काठी टेकत वर आले. म्हणाले, "बाबा, एकजीव दगड हाय ह्यो. फटीच्या दगडात सुरुंगाचा मार फटीशी थांबतोय. ह्याला फटच न्हाई, मार कुठं थांबंल? आधी पाचरी मारून मधी चर पाड." चर पाडायला पंधरा दिवस गेले असते. माझी यंत्रे उभी होती. मी म्हणालो, "अण्णा, तुमचा जमाना गेला."

दुपारी सुरुंग उडाला. धूळ बसली तेव्हा भिंत नव्हती. माणूस एकही दगावला नाही, एवढे सांगून मी स्वतःला बरीच वर्षे झोपवले. अण्णा ढिगाऱ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आता म्या मेलो तर पाणी कुठं घालशील?" पुढच्याच वर्षी ते गेले. पाणी मी अंगणात ओतले.

सरकारी चौकशी लागली. मी लेखी दिले की भिंत आधीपासूनच तडकलेली होती. गावाने त्यावर अंगठे आणि सह्या केल्या, कारण क्रशरवर घरटी एक माणूस कामाला होता आणि पट्टा बंद पडला असता. गुरुजींनाही सही मागितली. भिंतीचे जाणकार म्हणून त्यांच्या सहीला वजन होते. मीच कागद घेऊन गेलो. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "दत्ता, तड कुठं होती? कोणत्या खुणेपाशी? सांग, मी सही करतो."

मी कागद घडी घालून परत घेतला. त्यांनी सही केली नाही. पण इतक्या सह्यांपुढे त्यांची एक नसलेली सही कोणी विचारात घेतली नाही, आणि चौकशी मिटली.

त्यानंतर खडकवाडीने गुरुजींना काय दिले, तेही या गौरवग्रंथात यावे. लग्नाची पत्रिका त्यांच्या घरी जाईना. "उदगीरचं मानूस, त्याला आमच्या दगडातलं काय कळतंय?" असे ज्यांनी म्हटले, त्यांतल्या तिघांचे लेख याच ग्रंथात आहेत आणि तिघांनीही गुरुजींना गावचे भूषण म्हटले आहे. गुरुजी निवृत्त झाले तरी गाव सोडून गेले नाहीत. ते ढिगाऱ्यात फिरत. क्रशरच्या जबड्यात जाण्याआधी खुणेचे जे तुकडे हाती लागले ते पिशवीतून शाळेत नेत. माझे मजूर त्यांना बघून हसत. मी हसलो नाही, पण मी यंत्रही थांबवले नाही.

आता डोंगर संपला आहे. क्रशर गंजतो आहे, पोरे पुण्याला गेली आहेत. दगड उरला नाही, तेव्हा गावाला अभिमान वाटायला काहीतरी हवे झाले, आणि मग गुरुजी आठवले. सत्काराला त्यांनी नकार दिला. त्यांना राजी करायला समितीने मलाच धाडले.

गुरुजी ओसरीवर बसले होते. मी पाया पडलो. ते म्हणाले, "माझ्याबद्दल चांगलं लिहायला लई लोक हायेत. तू काय लिहायलास?"

मी समितीचे पत्र पुढे केले; ते त्यांनी बाजूला सारले.

"जे झालं ते लिहिशील तर येतो. न्हाई तर हार-तुरे तुम्हीच घाला एकमेकांना."

म्हणून लिहितो. भिंत तडकलेली नव्हती. तिच्यावर एक केसाएवढीही चीर नव्हती. दगड खोटा नव्हता. मी घाई केली, बापाचे ऐकले नाही, भिंत पाडली आणि वर खोटे लिहून दिले. गावाला ते ठाऊक होते. समितीने हा लेख गाळला तर गुरुजी समारंभाला येणार नाहीत. छापला तर ते येतील, आणि मला मंडपात कोणी शेजारी बसवून घेणार नाही. दोन्हींची माझी तयारी आहे.

गुरुजी, आपल्याला शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. ही प्रार्थना मी मनापासून करतो, पण ती निःस्वार्थ नाही. कोळशाच्या कागदांवर खुणा आणि नावे आहेत, पण कोणती खूण भिंतीवर कुठे होती, हे नीट सांगू शकणारी आता दोनच माणसे उरली आहेत, एक आपण आणि दुसरा मी. आपण सांगता तोवर लोक ऐकतील. आपल्यामागे मला सांगावे लागेल, आणि एकदा खोटे लिहून दिलेल्या माणसाच्या शब्दाला पुरावा काय, असे लोक विचारतील.