जंगलच्या बापाच्या लेकी

पहाटे आरवणारा तो कोंबडा मध्येच अडखळायचा. सुरुवात गावठी कोंबड्यासारखी, आणि जिथे लांब तान यायला हवी तिथे दोन तुटक, खरखरीत ठेके. गावात राहायला आल्यावर पहिले तीन दिवस मला वाटलं, कोंबड्याचा घसा बसलाय.

साठच्या दशकाची सुरुवात होती. तेव्हा आमचा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच मोडायचा. तळोद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी एका गावात नवीन हायस्कूल निघालं होतं आणि त्यांना विज्ञानाचा मास्तर हवा होता. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो, प्राणिशास्त्र घेऊन. आमचं घर शहाद्याच्या खाली तापीकाठी, केळी-कापसाचं. आम्ही गुजर, पक्के शाकाहारी. ‘अंडं’ हा शब्दसुद्धा आई चुलीपाशी काढू देत नसे. कॉलेजात मी बेडूक फाडतो हे मी तिला चार वर्षं कळू दिलं नव्हतं.

कोंबडा माझ्या घरमालकिणीचा, मावशीचा होता. मावशी म्हणजे एक पावरा आदिवासी बाई, पन्नाशीच्या आसपासची, विधवा. गावाच्या शेवटी नाल्याच्या काठावर तिचं कुडाचं घर, आणि नाल्यापलीकडे थेट डोंगरापर्यंत बांबूचं रान. तिच्या एका खोलीत मी भाड्याने राहायचो. घरात ती पावरी बोले, माझ्याशी बाजारातली अहिराणी. कोंबड्याला काय झालंय, असं मी विचारलं तेव्हा ती हसली.

“त्याले काय व्हयनं नही, गुरजी. हाऊ जंगलना शे. माय घरनी, बाप जंगलना.”

तिने कोंबडा पकडून माझ्यापुढे धरला. रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना टोकाशी पिवळट-पांढरे थेंब असतात, मेण वितळून पडावं तसे. या कोंबड्याच्या मानेवर तांबूस पिसांत तेच थेंब होते, पण बारीक आणि पुसट, अर्धवट उमटलेले. उन्हाळ्यात नाल्याचं पाणी आटलं की रानकोंबडे डबक्यावर येत आणि तिच्या कोंबड्या तिकडेच चरायला जात. अशी पिल्लं तिच्याकडे बऱ्याच वर्षांपासून निघत होती.

मग ती सहज बोलून गेली, “जंगलच्या बापाच्या लेकींना मी अंड्यावर बसवत नाही. त्यांची अंडी थोडी, आणि तीही नासतात. लेक मात्र चालतात. लेकांची पिल्लं निघतात, सगळी नाही, पण निघतात.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. कारण हे मी शिकलो होतो. आमच्या प्राध्यापकांनी शेवटच्या वर्षी वहीत उतरवून दिलं होतं: दोन जवळच्या जातींचा संकर झाला, तर ज्या लिंगाकडे बेजोड गुणसूत्रांची जोडी असते, ते आधी निकामी ठरतं. माणसात ही बेजोड जोडी पुरुषाकडे असते, पक्ष्यांत मादीकडे. म्हणून पक्ष्यांच्या संकरात लेकी वांझ निघतात आणि लेकांचा वंश चालू राहू शकतो. परीक्षेत मी हे पाठ करून लिहिलं होतं आणि मला त्यातलं काहीही दिसलं नव्हतं. या बाईने ते नाल्याकाठी बसून, एक अक्षर न वाचता, ओळखलं होतं.

मी नोंदी ठेवायला लागलो. कुठल्या कोंबडीची किती अंडी, कुणाखाली उबवली, किती फुटली. संकराच्या कोंबडीची अंडी आम्ही दुसऱ्या चांगल्या खुडूक कोंबडीखाली ठेवली, म्हणजे दोष उबवणीचा नाही हे कळावं. एकवीस दिवस झाले, वर आणखी चार गेले. मग एकेक अंडं मी स्वतः फोडलं. सगळी नासलेली. त्या वासाने मला दिवसभर जेवण गेलं नाही. दिवाळीत घरी गेल्यावर हे माझ्या तोंडून निघून गेलं, तर आईने मला ओसरीवरूनच परत पाठवलं, आंघोळ करून ये म्हणून. मी केली. पण सुट्टी संपायच्या आधीच मी परत वर गेलो.

असं दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, फॉरेस्ट गार्ड आला.

मी शाळेत होतो. दुपारी आलो तर मावशी दारात बसलेली, आणि अंगणातलं कोंबड्यांचं डालं उलटं पडलेलं. गार्डने संकराचे चारही पक्षी, दोन कोंबडे आणि दोन कोंबड्या, पाय बांधून नेले होते. तिने त्याला सांगितलं की ही माझ्या घरी निघालेली पिल्लं आहेत. तो म्हणाला, ऑफिसात बघू. एका कागदावर तिचा अंगठा घेतला.

“कागद कसला होता?” मी विचारलं.

“पावती, म्हणाला. कोंबड्यांची पावती.”

तो कागद मी दोन दिवसांनी रेंज ऑफिसात वाचला. तो पंचनामा होता. त्यात लिहिलं होतं की सदर महिलेने राखीव जंगलात फासे लावून चार रानकोंबड्या जिवंत पकडल्याचे कबूल केले आहे. खाली मावशीचा अंगठा. इतकी वर्षं उलटली, पण त्या ओळी आठवल्या की आजही माझं डोकं तापतं. वाचता न येणाऱ्या माणसाच्या तोंडी तुम्ही वाटेल ते घालू शकता, आणि वर त्याच्याच अंगठ्याने ते खरं करून घेऊ शकता.

रेंजर शिकलेला होता, बोलायला अगदी सौम्य. त्याने मला खुर्ची दिली. मावशी दाराशी उभी राहिली, तिला कुणी बस म्हणालं नाही.

“तुम्ही गुजर ना, मास्तर? तुम्हाला कोंबड्यांत काय स्वारस्य?”

मी माझी वही उघडून दाखवली. कोणता कोंबडा कोणत्या कोंबडीचा, कोणत्या महिन्यात निघाला, सगळं होतं. त्याने दोन पानं उलटली.

“हे तुम्हीच लिहिलेलं. तुम्ही तिचे भाडेकरू.”

“मग पक्षीच बघा. मानेवरची पिसं बघा. अस्सल रानकोंबड्याचं पीस शेजारी ठेवा.”

आम्ही मागे गेलो. लाकडी पिंजऱ्यात चौघंही होती. मी पिसांबद्दल बोलायला लागलो होतो, तेवढ्यात मावशी खाली बसली, तळहातावर ओढणीतले चार दाणे घेतले आणि जिभेने हलकं टकटक केलं. मोठा कोंबडा गजांमधून मान काढून तिच्या हातावरचे दाणे टिपू लागला. मग बाकीचेही आले. रानकोंबडा माणसाची चाहूल लागली की बांबूत नाहीसा होतो. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, गार्डला तर सगळ्यात जास्त.

 रेंजर म्हणाला, “हे ठीक आहे. पण फायलीत हे लावता येत नाही. एखाद्या तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणा, लगेच सोडतो.”

तज्ज्ञ माझ्या ओळखीचा एकच होता, माझे प्राध्यापक. ज्यांनी तो नियम उतरवून दिला होता तेच. मी सात पानांचं पत्र लिहिलं. नोंदींची नक्कल काढली, पिसांची चित्रं काढली. पत्र पूर्ण झाल्यावर वाचून पाहिलं, तर प्रत्येक परिच्छेद ‘मी निरीक्षण केले’ने सुरू होत होता. मला लाज वाटली. निरीक्षण तिचं होतं, मी फक्त तारखा घातल्या होत्या. पहिलं पान फाडलं आणि नव्याने लिहिलं की ही माहिती मूळ अमुक गावच्या एका पावरा बाईची आहे.

आज वाटतं, तिथेच पत्राचा निकाल लागला असावा. उत्तर यायला दोन महिने लागले. पोस्टकार्ड होतं. लिहिलं होतं की निसर्गात असा संकर झाल्याची खात्रीलायक नोंद त्यांच्या वाचनात नाही, अडाणी लोकांच्या सांगण्यावर विज्ञान उभं राहत नाही, आणि कोर्टकचेरीच्या भानगडीत शिक्षकाने पडू नये. शेवटी एक ओळ होती: पक्षी मारून स्पिरिटमध्ये पाठवल्यास कॉलेजच्या संग्रहात ठेवता येतील.

मी ते कार्ड मावशीला वाचून दाखवलं नाही. तिनेच विचारलं, “तुझ्या गुरजीने काय लिहिलं?”

“त्यांना पटत नाही.”

“कोंबड्या पाळतो का तो?”

“नाही.”

“मग त्याला काय विचारलंस?” एवढंच म्हणून ती शेण गोळा करायला गेली.

प्रमाणपत्राशिवायच आम्ही पुन्हा रेंज ऑफिसात गेलो. मी ठरवलं होतं, पक्षी टेबलावर ठेवायचे आणि मावशीचा जबाब लिहून घ्यायला लावल्याशिवाय उठायचं नाही. रेंजरने गार्डला हाक मारली. गार्ड आला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “मानमोडी आली साहेब. चारही गेल्या.”

मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा रोग, एका झटक्यात खुराडी रिकामी करतो. होऊ शकतं, असं मला क्षणभर वाटलं. मावशी मात्र कुणाला न विचारता ऑफिसच्या मागे गेली. मी तिच्यामागे. तिथे गार्डच्या खोलीबाहेर चूल होती आणि शेजारी राखेचा ढीग. तिने काटकीने राख बाजूला सारली. पिसं निघाली, अर्धवट थेंबांची. आणि हाडं, चोखून मोडलेली. तिने ती ओढणीत घेतली, आत आली आणि रेंजरच्या टेबलावर ओतली.

“मानमोडीने मेलेली कोंबडी आम्ही पुरतो,” ती म्हणाली. “तुम्ही रांधता?”

 गार्ड बाहेर निघून गेला. रेंजरने हाडांकडे न बघता फाइल ओढली, काहीतरी लिहिलं आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. “प्रकरण संपलं, बाई. अंगठा दे आणि जा.”

तिने हात मागे घेतला. “आधी वाच.”

“तुझ्याच फायद्याचं आहे.”

“वाच.”

त्याने वाचलं. पुरावा उपलब्ध नसल्याने सदर महिलेस समज देऊन सोडण्यात येत आहे.

“समज कशाची?” मावशीने विचारलं. “कोंबड्या माझ्या. खाल्ल्या तुम्ही. समज मला?”

रेंजर माझ्याकडे वळला, जणू मी तिला आवरावं. मी म्हणालो, “त्या बरोबर विचारताहेत.”   तिने अंगठा दिला नाही. पिसं ओढणीत भरली, हाडं तिथेच टेबलावर सोडली, आणि आम्ही आठ मैल चालत परत आलो. 

पुढे माझ्या ओळखीच्या एका कारकुनाने मला ती फाइल बघायला मिळवून दिली. शेवटच्या कागदाखाली अंगठा होता. कुणाचा, देव जाणे. मी तक्रारअर्ज केला, धुळ्याला पाठवला, पुन्हा पाठवला. उत्तर आलं नाही. त्याच खात्याने पुढच्या उन्हाळ्यात नाल्यापलीकडचा बांबू लिलावात काढला. कागदाच्या कारखान्यासाठी म्हणे. चार पक्ष्यांसाठी ज्यांना जंगलाची एवढी काळजी वाटली होती, त्यांनी ते सगळं रान दोन महिन्यांत बोडकं केलं, सरकारी शिक्क्यानिशी. रानकोंबडे वर सरकले. मावशीच्या घरी नंतर तसं पिल्लू निघालं नाही.

मी त्या शाळेत आणखी पाच वर्षं होतो. दरवर्षी दहावीच्या वर्गाला हा नियम शिकवला, अभ्यासक्रमात नसताना, आणि तो कुणाकडून शिकलो तेही सांगितलं. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, मुलांना शास्त्रज्ञांची उदाहरणं द्या. मी म्हणालो, तेच देतोय. माझ्या गोपनीय अहवालात त्यांनी ‘उद्धट’ असा शेरा मारला.

माझी बदली खाली, शहाद्याजवळ लोणखेड्याकडच्या शाळेत झाली तेव्हा मावशी बसपर्यंत आली. मला आमचूर आवडतं हे तिला माहीत होतं. स्वतः कैऱ्या चिरून वाळवलेल्या फोडींचं गाठोडं तिने खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं.

“तुझी आई हे तरी खाईल ना?” तिने विचारलं.

“खाईल,” मी म्हणालो. बस सुटली.