ताटाची कड

प्रयोगशाळेतल्या काकूंचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, पण ते अजून वाढत होते.

खोटं वाटत असेल त्याने इन्क्युबेटरचं दार उघडून बघावं. त्या कपाटाला माणसाच्या अंगाइतकीच ऊब. दार उघडलं की चेहऱ्यावर कुणीतरी श्वास सोडल्यासारखं व्हायचं. आत गोल पारदर्शक बश्या, बश्यांत गुलाबी पाणी आणि पाण्याखाली यजमानांच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी. बशीवर नाव नाही, नुसतं ‘अकरा-ब’. पण ऑपरेशनच्या दिवशी गाठीचा तुकडा इथवर काकूंनीच आणला होता. संमतीची सही करताना यजमान म्हणाले होते, “तुझ्याच हाताखाली राहीन. सवय आहे.”

पेशींना खाऊपिऊ घालणं हे काकूंचं काम. रोज सकाळी दार उघडून त्या हळूच म्हणत, “अहो, सरका जरा, मागची बशी काढायचीय.” आणि आपल्याच बोलण्याला हसत.

प्रयोग करणाऱ्या मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. “काकू, ही अकरा-ब भलतीच हट्टी हो. केमोचं औषध आत घेते आणि बाहेर थुंकते.”

“मला सांगताय?” काकू म्हणाल्या. यजमान गोळी गालात धरून बसत आणि पाठ वळली की कुंडीत थुंकत. त्या कुंडीतल्या रोपाला कधी कीड म्हणून लागली नाही.

मॅडमचा प्रयोग कांद्याच्या सालीचा. सालीतला एक पदार्थ पेशीचं थुंकायचं दार बंद करतो, मग औषध आतच राहतं. “बशीत जमलं म्हणून माणसात जमेलच असं नाही हं,” हे त्या दर खेपेला बजावत. कांदा म्हटल्यावर काकूंना हसूच फुटलं. यजमानांनी जन्मभर जेवणातला कांदा वेचून ताटाच्या कडेला ढीग लावला होता.

कांद्याचा अर्क घातलेली पहिली बशी त्यांनी मायक्रोस्कोपखाली धरली आणि ते हसू जागीच थिजलं. मधलं मैदान रिकामं. सगळ्या पेशी डाव्या कडेला, ढीग करून.

“बशी गोल हलवली असणार तुम्ही,” मॅडम म्हणाल्या. “होतं असं.”

पुढची बशी काकूंनी तान्ह्या बाळाला झोपवावं तशी अलगद ठेवली. ढीग पुन्हा कडेलाच. पुन्हा डावीकडे.

यजमान डावखुरे होते.

काही महिन्यांनी अकरा-बच्या गोठवून ठेवलेल्या पेशींच्या कुप्या संपत आल्या. शेवटची कुपी उघडताना मॅडम म्हणाल्या, “या बश्यांना कांदा आणि औषध दोन्ही. तुलनेच्या बशीला काही नाही, पण मोजून झालं की तीही टाकून द्या. मग अकरा-ब संपली.”

“बरं,” काकू म्हणाल्या आणि एक जास्तीची बशी भरून खालच्या फळीवर अगदी मागे सारली. तिला ना कांदा, ना औषध. ‘या वयात नवरा लपवून ठेवायची वेळ आली,’ त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

प्रयोग जमला. नुसत्या औषधाला दाद न देणाऱ्या पेशी या वेळी पटापट मेल्या. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. तुलनेची बशी काकूंनी टाकली आणि सगळे चहाला गेल्यावर लपवलेली बशी बाहेर काढली.

मधलं मैदान रिकामं होतं. पेशी डाव्या कडेला, ढीग करून.

काकूंनी हात हुंगले. कांद्याचा वास नव्हता. तरी मानेवरून कुणी गार बोट फिरवावं तसं झालं. शेवटच्या आठवड्यात यजमानांनी बिनकांद्याचं ताटही असंच बाजूला सारलं होतं. काकू “एक घास, माझ्यासाठी” म्हणत राहिल्या होत्या. ते नुसते म्हणाले होते, “पुरे गं.”

“अहो,” काकूंनी विचारलं, “पुरे का?”

इन्क्युबेटरची घरघर थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

काकूंनी आधी कांद्याचा अर्क घातला, मग औषध. एक थेंबही सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बशी मायक्रोस्कोपखाली धरली. मेलेल्या पेशी पाण्यावर सगळीकडे विखरून तरंगत होत्या. कड मात्र लख्ख होती. उभ्या संसारात पहिल्यांदाच यजमानांनी कडेला काही टाकलं नव्हतं.