डूख ठेवायची जागा

सर्व संबंधितांस कळावे, की साप डूख धरतो की नाही, या गहन प्रश्नाचा निकाल इंग्रजांच्या अमदानीतच आमच्या कामरगावच्या ओसरीवर लागलेला आहे.

माझ्या चुलतभावानं वावरात नाग मारला होता. नागीण डूख धरून येईल, म्हणून विधवा काकू एकुलत्या लेकाला उंबरा ओलांडू देईना. पेरणी खोळंबली. तेवढ्यात सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन हिंडणारे एक कॉलेजातले मास्तर आमच्याकडे उतरले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सापाच्या मेंदूचे काप लावलेली काच भिंगाखाली ठेवण्याआधी ते तिला हात जोडत.

"पाहा काकू, हे काळे दोरे मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेतात. नाकाकडून येणारा केवढा जाड आहे! पण डूख ठेवायची जागा मला अजून सापडली नाही."

"म्हंजे नागिणीले माह्या पोराचं तोंड ध्यानात नाही?"

"नाही."

काकूनं बराच वेळ भिंगावरचा डोळा काढला नाही. मग लेकाला म्हणाली, "जाय बापू, पेरून घे." आणि तो उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच तिच्या तोंडून निघून गेलं, "मंग तिले तिचा नागबी आठवत नसन काय वं माय!"