मडमपत्ता आणि पुदिना

मंगरूळपीरला नालबंदांच्या गल्लीत जमशेद नालबंदाचं घर शेवटून दुसरं. मागे अंगण, अंगणाच्या टोकाला न्हाणी, आणि न्हाणीचं पाणी भिंतीकडेला जिथं मुरायचं तिथं चार हात जागा अशी, की वैशाखातही तिथली माती ओली राहावी. दुपार कलली की भिंतीची सावली तिच्यावर यायची. लग्न होऊन कामरगावहून आलेल्या हाजराबीच्या नजरेनं सासरी सगळ्यात आधी हीच जागा हेरली. माहेरच्या पुदिन्याच्या काड्या तिनं तिथं खोचल्या. त्या उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीत हिरवी चटणी वाटली गेली ती एकाच घरी. सासूनं नाव ठेवायला जागा शोधली, पण सापडली नाही. त्या घरात हाजराबीचं स्वतःचं असं काही असेल तर ते तेवढंच.

१९१३ च्या सुमाराला डाकबंगल्यावर एक जंगलसाहेब राहायला होता. त्याच्या मडमेच्या घोडीला नाल मारायला जमशेद जायचा. घोडी नाठाळ होती. आधीच्या दोन नालबंदांना तिनं लाथा घातल्या होत्या, जमशेदपुढे मात्र ती मान खाली घालून उभी राहायची. साहेबाची बदली झाली तेव्हा मडमेनं आवराआवर करताना जमशेदला बोलावलं आणि खूश होऊन बक्षीस दिलं. बक्षीस म्हणजे ओल्या गोणपाटात बांधलेली, बोटाएवढी जाड, काळपट मुळं. बंगल्याच्या मोरीमागे ते झाड तिनं विलायतेहून आणून लावलं होतं. त्याला अकॅन्थस म्हणतात, असं तिनं दोनदा सांगितलं. जमशेदला ते एकदाही म्हणता आलं नाही. घरी येईपर्यंत त्याचा मडमपत्ता झाला होता.

त्याला सावली हवी आणि ओल हवी, एवढं मात्र जमशेदनं बरोबर लक्षात ठेवलं होतं. हाजराबी विहिरीवरून परत आली तेव्हा पुदिना मुळासकट उपटून बाजूला पडला होता आणि नवरा त्या जागी मुळं पुरत होता.

"हे खायाचं हाय का?" तिनं विचारलं.

"नाही."

"दवाईचं?"

"नाही."

"मंग कायले लावून राह्यले?"

पाय उचलू न देणाऱ्या बैलाकडे जमशेद जसा पाही, तसं त्यानं बायकोकडे पाहिलं. "पाहाले," तो म्हणाला.

झाड आलं. गडद हिरवी, चकचकीत, हातभर लांब, कडांना खोल कातरलेली पानं जमिनीवर पसरली आणि चार हातांची ती जागा त्यांनी पुरती व्यापली. तिसऱ्या वर्षी थंडी सरताना मधून दांडे निघाले, छातीएवढे उंच. त्यांच्यावर खालपासून वरपर्यंत पांढरी फुलं, आणि प्रत्येक फुलावर जांभळट, काटेरी टोपी. जमशेदच्या आनंदाला पारावार राहिला नाही. बैल पाडून, पाय बांधून, पत्र्या ठोकून झाल्या की बैलवाल्याला अंगणात नेऊन मडमपत्ता दाखवल्याशिवाय तो सोडत नसे. शेतकरी बिचारे सभ्य होते. ते झाडाभोवती एक चक्कर मारत आणि याले सरकी निघते का, गुरं खातात का, असं काहीतरी विचारत. शेजारच्या बकरीनं एक पान तोंडात घेतलं होतं आणि विचार करून सोडून दिलं होतं. हा दाखला हाजराबी सगळ्यांना देत असे.

मग उन्हाळा आला आणि पानं माना टाकून पिवळी पडली, वाळली, नाहीशी झाली. झाड मेलं. हाजराबीनं दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी जमशेद मानोऱ्याच्या बाजाराला गेल्यावर खुरपं घेतलं आणि सगळी जागा खोल खणून काढली. मुळं हाती लागली तेवढी तोडून फेकली आणि पुन्हा पुदिना लावला.

मृगात पुदिना फोफावला. भादव्यात पुदिन्यामधून मडमपत्त्याचे कोंब वर आले. आधी एक झाड होतं, आता नऊ-दहा होती. मातीत राहिलेल्या प्रत्येक तुकड्यानं आपापला संसार थाटला होता. जमशेदनं ते पाहिलं, बायकोनं उन्हाळ्यात खणलं होतं ते आठवलं आणि त्याचा गैरसमज झाला. तो त्या दिवशी बाजारात जो भेटेल त्याला सांगत सुटला की बाई बोलते कडू, पण झाडावर जीव आहे तिचा. उन्हातान्हात खणणी केली म्हणून एकाची दहा झाली.

त्यानंतर हाजराबीनं दर उन्हाळ्यात खणलं, आणि दर पावसाळ्यात झाड वाढलं. तिनं भाताची उकळती पेज ओतली. तिनं चुन्याची निवळी ओतली. एकदा लोणच्याचं खारं पाणी ओतलं, तेव्हा पानं जरा काळवंडली आणि दोघांनाही आशा वाटली: तिला, की हे आता मरेल, त्याला, की ही कसलं तरी खत घालते आहे. जंगलाकडच्या तांड्यावरून मोळ्या विकायला येणारी भुरीबाई ओट्यावर बसून हे सगळं पाहायची. ती म्हणायची की अशी सवत तिनं आजवर पाहिली नाही, जिले मारलं की लेकरं होतात.

जमशेदनं मात्र झाडाला कधी हात लावला नाही. तो फक्त पाहायचा. संध्याकाळी पाय धुऊन तो मोरीजवळच्या दगडावर बसे आणि विडी संपेपर्यंत पाहत राही. हाजराबी त्या वेळी मुद्दाम भांडी घासायला तिथं बसे, म्हणजे त्याच्या अंगावर राखेचं पाणी उडावं. असं पंचवीस वर्षं चाललं.

जन्मभर लाथा चुकवलेला हा माणूस १९३८ च्या चैत्रात चार दिवसांच्या तापानं गेला. हाजराबी इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. पण अंगण घरातच होतं. तिनं भुरीबाईच्या नवऱ्याला, खेमाला, बोलावून घेतलं आणि पडद्याआडून सांगितलं की तो कोपरा कमरेएवढा खण, माती सगळी बाहेर काढ, एक मूळ ठेवू नको. मुलानं, फय्याजनं, विचारलं की अम्मी, अब्बाचं झाड काहून काढतं? ती म्हणाली, पाणी मुरत नाही नीट. खेमा इमानी माणूस. त्यानं खड्डा खणला, माती भिंतीबाहेर ढीग करून टाकली आणि शेतातून नवी काळी माती आणून भरली. हाजराबीनं पुदिना लावला.

पहिले पाऊस पडले आणि नव्या कबरी खचतात तशी जमशेदचीही खचली. कब्रस्तानाची राखण करणारा अन्सार दारात आला आणि भाभी, माती पाठवा, म्हणून सांगून गेला. हाजराबीनं डोकं चालवलं. भिंतीबाहेरचा ढीग गल्लीत चिखल करत होता, आणि खेमाची बैलगाडी बाजाराला आली होती. एका फेरीत दोन कामं, म्हणून तोच ढीग तिनं कबरीवर धाडला. त्या मातीत मुळं आहेत हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कब्रस्तान म्हणजे उघडं माळरान, तिथं त्याला पाणी घालायला कोण बसलंय, असा तिचा हिशेब.

हिशेबात चूक एकच होती. बायका कब्रस्तानात जात नसत, त्यामुळे तिनं ते आतून कधी पाहिलंच नव्हतं. जमशेदची कबर कडुनिंबाखाली होती, मशिदीच्या भिंतीला लागून, आणि भिंतीपलीकडून नमाजाआधी हातपाय धुतल्याचं, वजूचं पाणी रोज पाच वेळा तिकडे झिरपत होतं. गावात मडमपत्त्याला याहून चांगली जागा सापडली नसती.

भादव्यात कबर हिरवी झाली. माघ सरता सरता तिच्यावर पांढरी-जांभळी फुलं उभी राहिली. कबरीवर सब्जा लावायची चाल आहेच. हिरवं असेल तोवर मेलेल्याला आराम मिळतो म्हणतात. पण हा तर त्याच्याच हातचा झाडोरा, आणि बायकोनं इद्दतीत बसल्या जागी अंगणातून उपटून पाठवलेला. अन्सारनं ही गोष्ट मशिदीत सांगितली. जुम्म्याच्या नमाजानंतर पेशइमामांनी बायकोच्या वफेबद्दल बोलताना नाव न घेता तिचाच दाखला दिला. गल्लीतल्या बायका येऊन मडमपत्त्याच्या जुन्या कोपऱ्याकडे पाहत आणि डोळे पुसत. "अन् इथं पुदिना लावला," कोणीतरी म्हणायची, "जागा खाली पाहावली नसंन बिचारीले."

हाजराबी प्रत्येकीला पुदिन्याची जुडी देई. खरं सांगून कोणाचा फायदा होता? शिवाय पंचवीस वर्षांनी पुदिना तिचा झाला होता. त्याच्यासाठी थोडी वफा सोसायला हरकत नव्हती.

उन्हाळ्यात अन्सार धावत आला. झाड वाळलं म्हणून तो रडायच्या बेतात होता. हाजराबीनं ऐकून घेतलं. ते मेलं नाही, झोपलं आहे, हे गावात फक्त तिलाच माहीत होतं. तिनं शांतपणे सांगितलं की आता त्याच्याजवळ फिरकूही नको आणि पाणी तर मुळीच घालू नको. झाड कायमचं मरावं म्हणून सांगितलेला तो उपाय होता. झाडाला तो फार मानवला. पुढच्या वर्षी त्यानं कबरीची कड ओलांडली.

१९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत हाजराबीचे गुडघे गेले होते. दर्ग्याकडून परतताना ती कब्रस्तानाच्या फाटकाशी विसाव्याला बसली. अन्सारनं आतून पाहिलं आणि तो बाहेर आला. त्याला बरेच दिवस काहीतरी सांगायचं होतं, पण कसं सांगावं ते कळत नव्हतं. जमशेदच्या कबरीशेजारची जागा फय्याजनं आईसाठी राखून ठेवली होती.

"भाभी," तो म्हणाला, "पाऊस आला का झाड तिथवर जाते. तुमची जागा त्यानं आधीच धरून ठेवली हाय. पुरी हिरवी."

हाजराबीनं फाटकाच्या फटीतून आत पाहिलं. कडुनिंब दिसला, भिंत दिसली, भिंतीखालची ओल दिसली. आपला हिशेब कुठं चुकला ते तिला सहा वर्षांनी कळलं.

"त्याले सांगून ठेव," ती म्हणाली. "मी येईन तवा खुरपं घेऊनच येईन."

पुढच्या जुम्म्याला अन्सारनं मशिदीत सांगितलं की हाजराभाभी कबरीत गेल्यावरही नवऱ्याच्या झाडाची निंदणी करायची नियत बांधून बसली आहे.