पडद्यावरचं पातेलं

१२ जानेवारी १९५२ पर्यंत दिनानाथ चुरी यांचे एक रुपया दहा आणे खर्च झाले होते, आणि पातेल्यात काय आहे ते अजून कळलं नव्हतं.

दिनानाथ वटारचे. घरची केळीची वाडी, आणि तब्येत वाडीला शोभेल अशी. शेजारच्या गासच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला की लोक नटीसाठी जात, मारामारीसाठी जात. दिनानाथ स्वयंपाकासाठी जात. पडद्यावर चूल पेटली की ते खिशातलं सुकेळं काढत आणि त्या वाळवलेल्या केळ्याचा एकेक तुकडा चघळत सरसावून बसत. नायिका मेली तरी त्यांची हरकत नसे, फोडणी करपलेली मात्र सोसत नसे. घरी आल्यावर सावित्रीबाईंना सगळं साग्रसंगीत सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी तो पदार्थ पानात यायचा, हा लग्न झाल्यापासूनचा रिवाज.

या खेपेच्या सिनेमात घोटाळा होता. राजा रुसून तीन दिवस जेवत नाही. आचारी काहीतरी रांधतो, पातेलं घेऊन राजापुढे येतो आणि झाकण काढतो. वाफ येते. राजा आत पाहतो आणि ढसाढसा रडतो. पुढे लढाई. पातेल्यात काय होतं ते शेवटपर्यंत कोणी बोलत नाही.

"पदार्थाचं नाव आणा, करून देते," सावित्रीबाई म्हणाल्या. "नाही आणलंत, तर यापुढे या चुलीवर सिनेमातलं काही शिजणार नाही. पंधरा वर्षं नट्यांच्या हाताखाली राबतेय मी."

दिनानाथांच्या तोंडचं पाणी पळालं. चार-चार आण्यांच्या खुर्चीवर त्यांनी सहा खेळ काढले. पुढे बसून पाहिलं, मागे बसून पाहिलं, एकदा तर उभं राहून वाकून पाहिलं. पातेल्याचं तोंड राजाकडेच. मग त्यांना युक्ती सुचली. पडद्यामागे जमिनीवर बसायला दोन आणे पडत. तिथून डाव्याचं उजवं दिसे, एवढंच. राजाच्या बाजूला गेलं म्हणजे आतलं दिसणारच.

सातव्या खेळाला ते पडद्यामागे जाऊन बसले. आतलं काही दिसेना, उलट आचारी डाव्या हाताने पातेलं पुढे करू लागला.

"उजव्या हाताने दे रे," दिनानाथ बोलून गेले. "राजा आहे तो."

तंबूवाला मार्सेल जवळ आला. "दिनाभाऊ, त्याला ऐकू जात नाही. मीही सांगून पाहिलंय."

"मग तू सांग. आत काय आहे?"

"मी तिकिटं फाडतो, भाऊ. मी कुठे पंगतीला होतो?"

दुसऱ्या दिवशी रविवार, शेवटचा खेळ. दिनानाथांनी हात टेकले आणि सावित्रीबाईंनाच बरोबर नेलं. खिशात चारच आणे निघाले. मार्सेलने बाईंना उधारीवर आत सोडलं.

आचारी पातेलं घेऊन आला. झाकण अजून निघायचं होतं.

"रिकामं आहे," सावित्रीबाई म्हणाल्या.

"तुला कसं कळलं?"

"भरलं पातेलं कोणी एका हाताने नाचवत आणतं का? आणि चुलीवरचं म्हणतात, तर हाताला फडकं कुठाय?"

"वाफ येते ना पण."

"कोणीतरी खाली बसून विडी ओढत असेल."

"मग राजा का रडला?"

"तीन दिवसांचा उपाशी माणूस. झाकण काढलं, तर आत काही नाही. रडेल नाही तर काय करेल?"

सोमवारी दुपारी पानावर बसल्यावर दिनानाथांसमोर एक झाकलेलं पातेलं आलं. त्यांनी झाकण काढलं. आत काही नव्हतं. घासलेल्या बुडात स्वतःचं तोंड तेवढं दिसलं. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.

सावित्रीबाईंनी ते मनसोक्त पाहून घेतलं. मग चुलीवरचं दुसरं पातेलं दोन्ही हातांनी, फडक्यात धरून उतरवलं. सुक्या बोंबलांचं कालवण होतं.

"हे कुठल्या सिनेमातलं?"

"माझ्या. जेवा आता. आणि यापुढे पातेलं भरलेलं दिसलं तरच घरी येऊन सांगायचं."

दिनानाथांनी ही अट मान्य केली आणि तांदळाच्या चार भाकऱ्या खाल्ल्या. मार्सेलचा तंबू त्याच दिवशी सकाळी उठला होता. सावित्रीबाईंच्या तिकिटाचे चार आणे त्याला द्यायचे राहिले आहेत.