टप्पा पडला तर?

आमच्या घाटकोपरच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना बँकेत नोकरी लागली आणि मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ माझ्या गळ्यात पडला. मी गणित शिकवायचे. कारण विचारलं तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमचा आवाज मोठा आहे."

सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचाच प्रकार. चेंडू मारायचा, बॅट टाकून पळायचं, तीन बेसना शिवून घरी, म्हणजे जिथून मारला तिथे, परत यायचं, की एक रन. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या मुली भावांबरोबर चाळीच्या गल्लीत क्रिकेट खेळून वाढलेल्या. बॅट हातातच घेऊन पळायच्या, आणि मी ओरडले की ती भिरकावायच्या. एकदा ती मोठ्या बाईंच्या खिडकीखाली पडली. तेव्हापासून मोठ्या बाईंचं या खेळाबद्दल मत ठरलं ते ठरलंच. "यंदा एक तरी सामना जिंका," त्या म्हणाल्या. "नाहीतर हे सामान माळ्यावर आणि तास इंग्रजीला." तोवर आम्ही एकही जिंकलो नव्हतो.

मुली पळायला वाघ होत्या, पण चेंडू दुसरीकडे असला की लक्षही दुसरीकडे. सगळ्यात वाईट अवस्था उजव्या कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या नववीतल्या मुलीची. तिकडे चेंडू फारसा जात नसे. गेलाच तर ती घार बघत असायची. लक्ष टिकावं म्हणून मी तिला मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणायला लावला. तिने तो इतका मन लावून म्हटला की चेंडू पायाशी येऊन थांबला तरी कळलं नाही.

शिवाय ती टप्प्याची भानगड. गल्लीत जागा कमी, म्हणून तिथे एक टप्पा पडून झेल घेतला तरी आऊट. आमच्या खेळात टप्पा पडला की आऊट नाही. ही मुलगी मात्र टप्प्यावर चेंडू घ्यायची, हात वर करून "आऊट!" म्हणून नाचायची, आणि तेवढ्यात समोरच्या मुली रन काढून पाणी प्यायला बसायच्या.

शेवटी मी पाढे सोडले. दर चेंडूआधी मैदानाबाहेरून मी ओरडायचे, "टप्पा पडला तर?" तिने ओरडायचं, "आऊट नाही, बाई!" सराव, सामना, मधली सुट्टी, सगळीकडे हेच. जिन्यात भेटली तरी विचारायचे. शिक्षकांच्या खोलीत माझ्याबद्दल कुजबुज सुरू झाली.

वर्षातला शेवटचा सामना मुलुंडला होता; आधीचे सगळे आम्ही हरलो होतो. शेवटचा डाव, आम्ही एका रनने पुढे, समोरच्यांची एकच मुलगी आऊट करायची बाकी. त्यांच्या दोघी बेसवर. इतकं जिंकावंसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, बीएडच्या परीक्षेतही नाही.

चेंडू उजव्या कोपऱ्यात उडाला. आमची मुलगी धावली, आणि एक टप्पा पडल्यावर तिने तो सुरेख पकडला. हात वर. "आऊट!"

आणि त्यांची बॅटवाली थांबली! तीही कुठल्या तरी गल्लीतलीच. मान खाली घालून ती आपल्या बाकाकडे निघाली. बेसवरच्या दोघीही कमरेवर हात ठेवून उभ्या. पंचांनी आऊट दिलंच नव्हतं. नियम मला पाठ होता. ती स्वतःहून बाकावर जाऊन बसली असती तर खरोखरच आऊट झाली असती. मी तिची पावलं मोजू लागले. चारपाच पावलंच उरली होती.

"ए, थांब!" उजव्या कोपऱ्यातून आवाज आला. "टप्पा पडला होता गं! आऊट नाही!"

तिघी सुसाट सुटल्या. "फेक!" मी किंचाळले. बॅटवाली पोचायच्या आत पहिल्या बेसला नुसता फेकला असता तरी ती आऊट, आणि सामना आमचा होता. पण ती चेंडू छातीशी धरून माझ्याकडे बघत होती, शाबासकीची वाट पाहत. दोघी घरी पोचल्या. आम्ही एका रनने हरलो.

ती धावत माझ्याकडे आली. "बाई, या वेळेला विसरले नाही ना?"

बाकीच्या मुली तिला कच्ची खायच्या बेतात होत्या. मला रडू येत होतं, आणि तिचा चेहरा तर नुसता फुलला होता. "नाही," मी म्हटलं. "नाही विसरलीस."

सोमवारी सामान माळ्यावर गेलं. मी स्टुलावर उभी, ती खालून एकेक ग्लोव्ह देत होती. शेवटी तिच्या हातात चेंडू उरला.

"बाई, हा मी नेऊ? गल्लीत खेळायला?"

"ने," मी म्हटलं, आणि सवयीने विचारलं, "टप्पा पडला तर?"

तिने जरा विचार केला. "गल्लीत आऊट, बाई. इथे नाही."