विहिरीवर तरंगणाऱ्या पट्ट्या

भुईगावच्या द्वारका आत्याचा पहिला हात चुकतो, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. पहाटे आकडीची काठी सोनचाफ्याच्या कळीवर टाकायची, तर ती वीतभर अलीकडेच हवेत फिरायची. मग आत्या काठी फांदीला टेकवायची आणि फांदीच्या अंगाअंगानं सरकवत कळीशी न्यायची. चहा ओततानाही तसंच. किटलीची तोटी कपाच्या काठाला लागल्याशिवाय ती थेंब सोडायची नाही.

"द्वारके, आंधळी कोशिंबीर खेळतेस काय गो?" शेजारची इझाबेल विचारायची. चर्चमधल्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, हारासाठी तिला रोज फुलं लागत.

"तुझ्या हाराला कधी कमी पडली का फुलं? मग गप ऱ्हा," आत्या म्हणायची.

डोळे मात्र दोन्ही सरळ, टपोरे. तिरळी म्हणायला कुणाला जागा नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी चाफ्याची फांदी तिच्या उजव्या डोळ्याला लागली. वसईच्या डॉक्टरनं डोळ्यावर जाड पट्टी बांधली. आत्या दुसराही डोळा मिटून पडून होती. तेवढ्यात भाऊ नरहरी दारात येऊन म्हणाला, "द्वारके, पेज घेतेस का?" तिनं डावा डोळा उघडला. नरहरीचा सदरा होता, हातात वाडगा होता, मानेवर केसही होते. मधे चेहराच नव्हता. ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसा पुसलेला.

तिनं डोळा गच्च मिटला, तो पट्टी सुटेपर्यंत उघडला नाही. कुणाला सांगितलंही नाही. बोललं की खरं होतं, असं तिला वाटलं. आठव्या दिवशी नरहरी गाळ काढायला विहिरीत उतरला. आत वायू साठला होता. तो वर आला तो दोराला बांधलेला.

तेव्हापासून आत्यानं उजवा डोळा एकटा कधी मिटला नाही. तोंड धुतानाही दोन्ही डोळे एकदम मिटायची, एकदम उघडायची. आपल्या डाव्या डोळ्यात काय बसलंय, हे तिचं तिला माहीत होतं.

यंदा बालवाडीत डोळे तपासले आणि रिद्धीचं नाव निघालं. रिद्धी म्हणजे नरहरीची नात, पाच वर्षांची. बाप स्वरूप वालीवच्या कारखान्यात, आई अक्षया विरारला नोकरीला. दिवसभर पोर आत्याकडेच असायची.

डॉक्टरीणबाईंनी अक्षयाला समजावलं, "डावा डोळा अगदी थोडा वळलाय. इतका थोडा, की बघणाऱ्याला कळणार नाही. मेंदू त्या डोळ्याचं बघणं बाजूला टाकतो, म्हणून तो आळशी झालाय. चष्मा लावा. आणि रोज दोन तास उजवा डोळा झाका, म्हणजे डाव्याला काम करावं लागेल. वय आहे तोवर सुधारेल. नंतर कठीण."

पहिल्या दिवशी अक्षयानं चष्म्याखाली पट्टी चिकटवली आणि ती कामाला गेली. रिद्धी ओट्यावर बसून आत्याकडे टक लावून बघत होती.

"आत्या, तुझं तोंड कुठं गेलं?"

आत्याच्या हातातली परडी सांडली. पोरीनं बोट पुढं केलं. ते आत्याच्या नाकाला न लागता कानाशेजारी हवेत जाऊन थांबलं, जणू तिथं दुसरंच कुणी बसलं होतं.

"आता कुणाकडे बघू नको हां, सोन्या," म्हणत तिनं पट्टी ओढून काढली आणि विहिरीत टाकली. नरहरीला नेलं त्या विहिरीनंच हेही ठेवून घ्यावं. मग ती आठ दिवस मोजत राहिली. नववा उजाडला. पण पट्टी रोज विहिरीतच जात होती. आपलं काय व्हायचं ते होवो, पोरीच्या डोळ्यात तो काळ वसू नये.

महिन्यानं तपासणी झाली. डोळा तसूभरही सुधारला नव्हता. "पट्टी लावता ना?" बाईंनी दोनदा विचारलं. अक्षया घरी येऊन थेट विहिरीवर गेली; रिद्धीनंच बोट दाखवलं होतं. खाली काळ्या पाण्यावर कातडीच्या रंगाच्या पट्ट्या तरंगत होत्या, मिटलेल्या डोळ्यांसारख्या.

"आत्या, हे काय केलंत? पोरीचा डोळा जाईल माझ्या!"

आत्या विहिरीच्या काठावर बसली आणि अकरा वर्षांचं सगळं एका दमात बोलली. अक्षयानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊंना पाहिलंत. त्यानंतर दुसऱ्या कुणाला पाहिलंत का त्या डोळ्यानं?"

"कशाला बघू? आनखी कुणाला मारू?"

"मला बघा."

"अगो नको, लेकुरवाळी तू—"

अक्षयानं तळहात तिच्या उजव्या डोळ्यावर दाबला. आत्यानं डावा डोळा मिटून घेतला. विहिरीत मोटारीचा पाइप टकटक करत होता. "बघा ना, आत्या. रिद्धीसाठी." आत्यानं पापणी उघडली. अक्षयाचा पंजाबी ड्रेस होता, ओढणी होती. वर काहीच नव्हतं. ती किंचाळली. ते ऐकून इझाबेल फुलांची पिशवी घेऊन धावत आली. लुगडं होतं, पिशवी होती, चेहरा नव्हता. पायरीवरच्या मांजराला तोंड नव्हतं. ओट्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या गणपतीलाही नव्हतं.

"काय झालं गो द्वारके? भूत बघितलंस काय?" चेहरा नसलेली इझाबेल विचारत होती.

आत्यानं पुन्हा एकेकाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे ह्या डोळ्याला कुनाचाच चेहरा दिसत नाय. नरहरीला मी नाय बघितला. आनि तो मात्र पेज घेऊन उभा होता."

दुसऱ्या दिवसापासून आत्या स्वतः पट्टी लावू लागली. एक पोरीला, एक आपल्याला. "तुमच्या वयाला उपयोग नाही हो," अक्षया म्हणाली. "म्हाईत हाय. पन ती एकटी कशी बशेल तिकडं?" दोघी ओट्यावर समोरासमोर बसत, बिनचेहऱ्याच्या दोघी. आत्या चाफ्याची कळी धरून म्हणे, "घे." दोन हात हवेत एकमेकांना चुकवत फिरत. मधूनच आत्याला वाटे, विहिरीशी कुणीतरी वाडगा घेऊन उभं आहे. असेलही. त्या डोळ्याला चेहरा दिसणार नव्हता, ओळख पटणार नव्हती. ती तिकडे नुसतीच मान हलवायची.

तीन महिने गेले. एका दुपारी रिद्धीनं कळी बाजूला ठेवली. तिचं बोट सावकाश पुढं आलं. बोट कानाशी गेलं नाही. ते सरळ येऊन तिच्या नाकाच्या शेंड्यावर टेकलं.

"हे घे, सापडलं," रिद्धी म्हणाली.